इसवी सन तीन हजारातले बाळकुमकर

गेल्या वर्षी एका दुपारी मी जेवून टीव्हीसमोर बसले आणि खाल्लेलं घशाशी आलं. पडद्यावर एक मोठे दिग्दर्शक मुलाखत देत होते. स्टुडिओत, छपराखाली, तरी डोळ्यांवर काळा गॉगल. मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली, "सर, आपल्याकडच्या सायन्स फिक्शनमध्ये साध्या माणसांचे चेहरे पहिल्यांदा तुम्ही आणलेत. ती चंदेरी कपड्यातली कोळीण अजून लोकांना आठवते. कसं सुचलं हे?" गृहस्थांनी विनयाने मान खाली घातली आणि म्हणाले, "बस, अंदर से आया."

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सून पोळ्या टाकून धावत आली. तिला वाटलं, मला काही झालं.

अंदर से आया म्हणे! ते चेहरे ठरले तेव्हा हा माणूस प्लायवूडच्या यानात बसून कशेळीच्या पुलाकडे वाहत चालला होता. आत बसून त्याला काही सुचलं असेल तर शपथ. म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "ताई, तुमच्या धंद्याबद्दल लिहा" म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. पानांवरून तेवढी घासाघीस झाली. ते चार म्हणाले, मी आठ म्हटलं, सहावर तुटलं.

माझा धंदा माणसं पुरवण्याचा. सिनेमात हिरो-हिरॉइन सोडून जी माणसं दिसतात, लग्नातले पाहुणे, कोर्टातली गर्दी, बाजारात उगाच पळणारे लोक, ती कुठून तरी आणावी लागतात. ठाण्याकडे शूटिंग असलं की ती मी आणायची. त्याआधी मी वागळे इस्टेटीत एका कारखान्यात पॅकिंगला होते. कारखान्याला टाळं लागलं. आम्ही बायका फाटकाबाहेर बसलेलो, तेवढ्यात एक गाडी थांबली आणि आतल्या माणसाने विचारलं, "मोर्चा आहे का? आम्हाला एक मोर्चा हवाय." त्याला तयार मोर्चा मिळाला, आम्हाला दोन दिवसांचं काम. त्या दोन दिवसांत मी एक गोष्ट पाहून ठेवली. माणसं उन्हात उभी राहतात आणि माणसं आणणारा खुर्चीवर बसतो. मी ठरवलं, आपण खुर्चीवर बसायचं.

माझं ऑफिस म्हणजे खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल. फोन हॉटेलमालकाचा. त्यावर ऑर्डर यायची ती अशी: "पंचवीस डिसेंट, चाळीस गरीब." बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की डिसेंट हा आमच्या धंद्यातला शब्द आहे आणि त्याचा स्वभावाशी काही संबंध नाही. डिसेंट म्हणजे गोरा, उंच, कोट घातला तर पार्टीत खपेल असा. बाकी सगळे गरीब. डिसेंट माणसं मी डोंबिवलीतून आणायचे. तिथे बँकेतले, पोस्टातले, नाटकवेडे गृहस्थ हौसेने रजा टाकून यायचे. गरीब माणसं बाळकुमच्या कोळीवाड्यातून. खेडं हवं असलं तर खडवली.

ही विभागणी किती पक्की होती ते सांगते. एकदा कोर्टाचा सीन होता आणि वकील हवे होते. मी कल्याण कोर्टात खरोखर वकिली करणारे एक गृहस्थ नेले. स्वतःचा काळा कोट, गळ्यात स्वतःचे पांढरे बँड, बगलेत स्वतःच्या फायली. रंगाने ते सावळ्याच्याही पुढचे आणि अंगाने किरकोळ. असिस्टंटने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, ये वकील नहीं लगता."

"वीस वर्षं लागतोय," मी म्हटलं, "कल्याणला विचारून या."

काही उपयोग झाला नाही. त्यांचा कोट काढून घेऊन तो डोंबिवलीच्या एका विमा एजंटला चढवला आणि वकीलसाहेबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "ताई, माझा बचाव फार कच्चा केला हो त्याने."

मी हसले. तेव्हा मला त्यात फक्त गंमत दिसली.

आता चंद्राबद्दल. चंद्रा बाळकुमची कोळीण, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. सकाळी मासळी विकायची आणि मी बोलावलं की शूटिंगला यायची. कोळीवाड्यातली माझी सगळी माणसं तिच्या शब्दावर यायची. चौदा पिक्चरमध्ये तिने काम केलं आणि चौदा पिक्चरमध्ये तिचं तोंड एकदाही दिसलं नाही. कधी पुढून हातगाडी गेली, कधी कॅमेरा वळला, कधी धूर सोडला. दर वेळी ती अख्ख्या आळीला घेऊन थिएटरात जायची आणि अंधारात बोट दाखवायची, "तो खांदा दिसला? तो माझा."

शेवटी आळीत तिचं नाव पडलं खांदेवाली. मासळीच्या बाजारातसुद्धा बायका हाका मारायला लागल्या, "ए खांदेवाली, पापलेट कशी दिलीस?" सगळ्यात वाईट तिची सासू. म्हातारी प्रत्येक पिक्चरला पहिल्या रांगेत बसायची आणि घरी येऊन म्हणायची, "पाठ बरी दिसली हो सूनबाई."

पंधराव्या वेळी मी गेले तेव्हा चंद्रा कोयत्याने सुरमई कापत होती. मान वर न करता म्हणाली, "ताय, या टायमाला तोंड दिसला पायजे. नाय दिसला तं मी परत येनार नाय. आनि मी नाय तं आलीतला कोन पन नाय."

"दिसणार," मी म्हटलं. "माझा शब्द."

शब्द मी कामाची ऑर्डर नीट न ऐकता दिला होता. हिंदी पिक्चर, अंतराळातला, मारामारीचा. इसवी सन तीन हजार. खाडीकाठी चिखलात एक यान उतरतं, परग्रहावरचा खलनायक गुलामांना घेऊन येतो, भविष्यातल्या शहराचे नागरिक घाबरतात, मग हिरो येतो. टीव्हीवरचा तो गॉगलवाला, आम्ही त्याला गॉगलच म्हणायचो, तेव्हा त्या पिक्चरचा असिस्टंट होता. मग फोनवर त्याने सांगितलं, "वीस फ्यूचरवाले, एकदम डिसेंट. और तीस गुलाम, कोई भी चलेगा, मास्क है."

भविष्यातली माणसं कशी असतात याची मला कल्पना नव्हती. मी डोंबिवलीच्या व्हिडिओ लायब्ररीतून इंग्रजी पिक्चरच्या तीन कॅसेट आणल्या. चंद्राचा दीर बोटीवर नोकरीला, त्यामुळे तिच्याकडे रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही. आम्ही सगळे तिच्या ओटीवर बसून बघायला लागलो. भाषा कळत नव्हती, पण चंद्राला कथा आधीच कळायची.

"यानात किती जन हायेत? धा. त्यातला तो काला बग. चांगला हाय बिचारा, सगल्यांना मदत करतो."

"हो."

"त्यो पयला मरनार."

तो पहिला मेला. दुसऱ्या कॅसेटमध्येही तसाच एक होता. चंद्राने त्याला पाहिल्याबरोबर "अरं बाबा, घरी जा" म्हणून हात जोडले. तोही मेला. तिसऱ्यात काळं कोणी नव्हतंच, फक्त हिरवी राक्षसं होती आणि ती सगळी मेली. सासू म्हणाली, "फुडच्या जमान्यात आपल्यासारका कोन दिसत नाय गो. सगले गेले काय?"

चंद्राने माझ्याकडे पाहिलं. "आपन त्यातली कोन, ताय?"

"बघू," मी म्हटलं आणि चहा मागितला. मास्कचं सांगायची माझी हिंमत झाली नाही. घासाघिशीत मी कोणाला हार जात नाही, पण त्या दिवशी चंद्रापुढे मी गप्प बसले, याची लाज मला अजून वाटते.

शूटिंगच्या सकाळी बाळकुमच्या खाडीला ओहोटी होती. लांबवर चकचकीत चिखल, तोच परग्रह. यान झकास झालं होतं. प्लायवूड, थर्माकोल, वर चंदेरी रंग. चिखलात रुतू नये म्हणून खाली रिकामे ड्रम बांधून त्यावर ठेवलेलं. डोंबिवलीकर चंदेरी पँटी घालून नागरिक झाले. बाळकुमकरांच्या हातात हिरव्या रबराचे मुखवटे दिले. डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला काहीच नाही.

चंद्राने मुखवटा उलटा केला, सुलटा केला, आत हात घालून पाहिला. मग मला म्हणाली, "ताय, तुझा शब्द यात कुठे ठेवलायस?"

मी सरळ गॉगलकडे गेले. "माझी चार-पाच माणसं नागरिकांत घ्या. एका बाईला पुढे उभी करा."

त्याने कोळ्यांकडे पाहिलं. "ताई, ये लोग फ्यूचर नहीं लगते."

"का? भविष्यात कोळी मेले?"

"आप समझती नहीं. फ्यूचर में सब लोग थोडे... क्लीन होंगे."

माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. तो म्हणाला, "काम करना है तो करो. और गुलाम लोग को बोलो, आवाज नहीं. गुलाम बोलते नहीं."

तीस माणसं मुखवटे घालून चिखलात उभी राहिली. चंद्राही राहिली. तिने मुखवटा घातला तेव्हा माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आदल्या दिवशी अमावास्या झाली होती. खाडीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं की अमावास्येला भरती मोठी येते, उधाण येतं आणि भराभर येतं. हे युनिटमधल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. चिखल कालही होता, आजही आहे, म्हणजे तो असतोच, असा त्यांचा समज. चंद्राचा चुलतसासरा पांडूदादा, जन्मभर खाडीत मासेमारी केलेला माणूस. दुपारी त्याने मुखवटा कपाळावर सरकवला आणि गॉगलला सांगायला गेला, "सायब, पानी..."

"पानी बाद में! सायलेन्स! मास्क नीचे!"

पांडूदादा परत आला. मुखवट्यातून आणखी दोघांनी प्रयत्न केला, पण रबरातून नुसतं "ऊं ऊं" आलं आणि डायरेक्टर खूश होऊन म्हणाले, व्वा, ही परग्रहाची भाषा चांगली आहे, पुढे वापरू. मग तिसांनी प्रयत्न सोडला. जेवणाची सुट्टी झाली तशी ती काठावर ओळीने बसली आणि पाण्याकडे बघायला लागली. मला वाटलं, बिचारी दमलीत. जवळ गेले तर तिसांचे खांदे हसून हलत होते.

गॉगल त्या वेळी यानात होता. धुराचं मशीन नीट बसलंय का बघायला शिरला होता. पाणी आलं, ड्रमांखाली शिरलं, यान एकदा डावीकडे कललं, एकदा उजवीकडे आणि मग अगदी सावकाश, एखादी म्हैस उठते तसं उठून चालायला लागलं.

"यान चाललंय!" डोंबिवलीचे पोस्टातले गृहस्थ ओरडले. ते चंदेरी पँटीत काठावर उभे होते.

डायरेक्टर हातातली प्लेट टाकून धावले. यान मधल्या प्रवाहाला लागलं होतं आणि भरतीबरोबर कशेळीच्या पुलाकडे निघालं होतं. त्याच्या गोल खिडकीतून गॉगलचं डोकं बाहेर आलं. "सर! सर! कट! कट!" पुलावर दोन ट्रक थांबले. ड्रायव्हर खाली उतरून कठड्याशी आले आणि एकाने यानाला नमस्कार केला.

"कोई जाओ!" डायरेक्टर ओरडले. "बोट! बोट किसकी है?"

होड्या कोळ्यांच्या. काठावर सहा बांधलेल्या. मी पांडूदादाकडे पाहिलं. त्याने बोटाने ड्रम दाखवले आणि मान हलवली: बुडत नाय. त्याचा पुतण्या मागच्या बाजूने होडी सोडून कधीच निघाला होता. हे मला दिसत होतं, डायरेक्टरना दिसत नव्हतं. खरं तेच लिहिते. माणूस बुडत असता तर मी घासाघीस केली नसती. बहुतेक.

"जातील की," मी म्हटलं. "पण साहेब, हे गुलाम आहेत. गुलाम होड्या कशा चालवतील? तुमच्या कथेत बसत नाही."

"ताई, मजाक का टाइम है?"

"मास्क काढू देत. माझी बारा माणसं भविष्यात घ्या. आहे तशी, तोंडासकट."

"बारा? पागल हो? दो ले लूंगा."

"बारा."

"चार!"

खिडकीतून आवाज आला, "सर, पानी अंदर आ रहा है!"

"दहा," मी म्हटलं.

"छह. आखरी."

"नऊ. आणि चंद्रा पुढे, क्लोजअप, एक डायलॉग."

डायरेक्टरनी पुलाकडे पाहिलं. यान लहान लहान होत चाललं होतं आणि त्यावर पिक्चरचं अर्धं बजेट होतं. "मंजूर," ते म्हणाले. "नऊ."

तीस मुखवटे एकदम चिखलात पडले. पाच होड्या सुटल्या. पुलाच्या अलीकडे त्यांनी यानाला दोर टाकला आणि ओढत आणलं. गॉगल यानाच्या टपावर उकिडवा बसला होता, गुडघ्यापर्यंत ओला. गॉगल मात्र डोळ्यांवर तसाच.

आता डोंबिवलीकर रुसले. पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "ताई, हे बरोबर नाही. यांच्यासाठी आमच्यातल्या नऊ जणांनी मागे जायचं?"

"का हो, तीन हजार साली पृथ्वीवर फक्त डोंबिवली उरणार आहे का?"

"आमचा फडके रोड तरी उरावा," ते म्हणाले आणि आपणहून मागे जाऊन उभे राहिले. भला माणूस. चंदेरी पँटीचा त्यांना कंटाळा आला होता, हेही असेल.

त्या पँटीवरूनच पुढचं अडलं. नऊ जणांत पाच बायका. पँट समोर धरल्यावर पाचही जणींनी पाठ फिरवली. चंद्रा म्हणाली, "सासू समोर बसनार हाय पिक्चरला. आनि मना ही पँट घालाला लावतेस?" ड्रेसवाल्याकडे चंदेरी कापड तागेच्या तागे उरलं होतं. चंद्राने तेच उचललं, नऊ वार मोजलं आणि कनातीच्या मागे जाऊन नेसली, कोळणी नेसतात तसं, गुडघ्यापर्यंत, मागे घट्ट कासोटा. वर तिचे स्वतःचे सोन्याचे दागिने आणि अंबाड्यात अबोली. पाच जणी तशाच बाहेर आल्या. मावळतीचं ऊन त्या कापडावर पडलं. चंदेरी पँटीतली माणसं कंपनीचे वॉचमन वाटत होती. या पाच जणी खरंच कुठून तरी पुढून आल्यासारख्या दिसत होत्या.

डायरेक्टर हळूच म्हणाले, "ये है फ्यूचर. किसने सोचा ये?"

गुडघ्यापर्यंत अजून ओला असलेला गॉगल पुढे आला. "सर, मेरे दिमाग में था."

माझा त्याच्याशी दावा आहे तो तिथपासून. मी त्याच्याकडे झेपावले, पण पांडूदादाने माझा हात धरला. "जाऊ दे गो ताय. ऊन चाललाय. पयला चंद्राचा तोंड."

डायलॉग होता, "यह यान हमारा नहीं है." चंद्राने सात वेळा प्रयत्न केला, सात वेळा अडखळली. ऊन उतरायला लागलं. शेवटी डायरेक्टर म्हणाले, जे मनात येईल ते बोल, आवाज नंतर भरू. चंद्रा यानासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि म्हणाली, "ह्यो डबा कुनाचा रं? आमच्या खाडीन कनाला आनलास?"

हा डबा आमच्या खाडीत कशाला आणलास, असा रोकडा सवाल. एकाच दमात ओके.

पिक्चर लागायला वर्ष गेलं. मधल्या काळात मी बाळकुमला गेले की चंद्रा एवढंच विचारायची, "कापनार तं नाय ना?" मी म्हणायचे नाही, आणि रात्रभर मला झोप यायची नाही. माझ्या हातात काही नव्हतं. कापला असता तर चंद्रा गेली असती, कोळीवाडा गेला असता, आणि माझ्या शब्दाला पुन्हा कोणी विचारलं नसतं.

ठाण्यात पहिल्या दिवशी पहिला खेळ. कोळीवाड्यातून दोन टेम्पो आले. सासू पहिल्या रांगेत. मी चंद्राच्या शेजारी, तिने माझं मनगट असं धरलेलं की बांगडी रुतत होती. यान उतरलं. गुलाम आले, मुखवट्यांआड नंतर दुसरीकडून आणलेली माणसं होती. नागरिक पळाले. आणि मग चंद्राचं तोंड आलं. अख्ख्या पडद्यावर. नथ, कपाळ, डाव्या भुवईवरचा व्रण, सगळं. आळीने शिट्ट्या मारल्या. मग तिचे ओठ हलले आणि एक नाजूक, साखर घोळलेला आवाज आला, "यह यान हमारा नहीं है."

शिट्ट्या बंद पडल्या. पहिल्या रांगेतून सासूचा आवाज, "तोंड चंद्राचा. आवाज कुनाचा?"

चंद्रा उठून उभी राहिली आणि खुर्चीच्या पाठीला धरून, बाजारात ओरडते तशी ओरडली, "ह्यो डबा कुनाचा रं? आमच्या खाडीन कनाला आनलास?"

थिएटर हसून कोसळलं. ज्यांचा काही संबंध नव्हता तेही टाळ्या पिटायला लागले.

पिक्चर पडला. मुंबईत दुसऱ्या आठवड्यात उतरला. ठाण्यात मात्र चालला, कारण कोळीवाडा रोज येत होता. त्यांची एक पद्धत ठरून गेली. तिकिटं काढायची, चंद्राचं तोंड आलं की सगळ्यांनी मिळून खरा डायलॉग म्हणायचा आणि उठून घरी जायचं, कारण कामं असायची. चौथ्या दिवशी मॅनेजर दारात आडवा आला. पिक्चर सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती आणि चाळीस माणसं बाहेर पडत होती.

"अहो, काय झालं? आवाज बरोबर नाही का? पंखे बंद आहेत?"

"सगला बरोबर हाय," चंद्राची सासू म्हणाली.

"मग चाललात कुठे? अजून हिरोची एंट्रीसुद्धा झाली नाही!"

म्हातारीने सुनेचा हात धरला आणि त्याच्या अंगावरून पुढे झाली.

"येऊ दे त्याला सावकाश," ती म्हणाली. "आमचा बगून झाला."